कोरडे तुकडे दाखवून विकलेला डीहायड्रेटर

आमच्या परसात कोकमाची पाच झाडं आहेत. दरवर्षी मे महिन्यात सोलं अर्धी वाळतात न वाळतात तोच वळवाचा पाऊस गाठतो, आणि मीठ लावलेली सालं आत-बाहेर करताना घरातल्या सगळ्यांचा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून यंदा तालुक्याच्या प्रदर्शनात एका स्टॉलवरून मी डीहायड्रेटर, म्हणजे गरम हवेने फळं-भाज्या वाळवायचं विजेचं यंत्र, घेतला. साडेचौदा हजार रुपये, रोख. तुमच्यापैकी कितीतरी जणी फणसाचे गरे, टोमॅटो, शेवग्याचा पाला वाळवायला हेच यंत्र शोधत असतील, म्हणून झालं ते सगळं सांगते.

स्टॉलवर यंत्र चालूच होतं. दार उघडलं की गरम हवा तोंडावर यायची, ट्रेमध्ये कडकडीत वाळलेले केळ्याचे नि आंब्याचे तुकडे. मी एक खाल्ला, छान लागला. ओला माल आत जाताना मात्र मी पाहिलाच नव्हता. "१००० वॉट आहे, दहा किलो माल आठ तासांत," विक्रेता म्हणाला. स्टील ३०४, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या चांगल्या प्रतीचं आहे म्हणून त्याने ट्रेला लोहचुंबक लावला, चिकटला नाही. वर, "ताई, सरकारी योजनेतून ३५ टक्के परत मिळतात, फॉर्म आम्हीच भरून देतो."

घरी आठ किलो सालं घातली, डिस्प्लेवर ६० अंश लावले. सकाळी खालच्या ट्रेमधली करपून काळी पडलेली, वरची होती तशीच ओली. सासूबाई म्हणाल्या, "हात घालून बघ गो, वर ऊबच नाय." तरी दोन दिवस चालवलं. तिसऱ्या दिवशी वरच्या तीन ट्रेंना बुरशी. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला थर्मामीटर आणून आत ठेवला: खाली ७८, वर ४१. डिस्प्ले मात्र ६०च दाखवत होता.

यंत्र खरंच किती वीज घेतं हे बघायला मग भावाने घरच्या विजेच्या मीटरवर मोजायला लावलं. हे प्रत्येकीने करून बघावं. फ्रिज, पंखे, दिवे सगळं बंद करायचं आणि यंत्र गार असतानाच सुरू करायचं, म्हणजे हीटर सलग चालू राहतो. आमच्या मीटरचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. १००० वॉटला तो मिनिटाला त्रेपन्न वेळा लुकलुकायला हवा. आम्ही मोजला, अठरा. म्हणजे जेमतेम ३४० वॉट. एक किलो पाणी उडवायलाच ०.७ युनिट लागतात. आठ किलो सालांत निदान सहा किलो पाणी धरा, म्हणजे चार युनिटांहून जास्त झाले. हे यंत्र आठ तासांत तीनही देत नाही. सालं वाळणार कशी?

पंधरा दिवसांत ट्रेवर गंजाचे ठिपके आले. कोकमाची आंबटाई आणि मीठ हलकं स्टील सोडत नाही. ग्रिलवाल्याने सांगितलं, २०२ सारख्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाने ३०४ ठरत नाही. त्याने स्टील तपासायच्या रसायनाचा थेंब टाकला, तो लाल झाला. निघालं २०२.

अनुदानाचं म्हणाल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाची केंद्राची योजना खरी आहे आणि ३५ टक्केही खरेच. पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेले असतात: आधी अर्ज, मग कर्जमंजुरी, मग खरेदी. रोखीने आणलेल्या यंत्रावर नंतर फॉर्म भरून काही मिळत नाही. हे मला कृषी कार्यालयात कळलं, पैसे गेल्यावर.

तुम्ही घ्यायला गेलात तर स्वतःचा ओला माल पिशवीतून न्या, वजन करून आत घाला आणि पुरेसे तास थांबा. थांबू देत नसतील तर तिथूनच परत फिरा. पंखा तळाशी असलेल्यापेक्षा मागच्या बाजूला असलेलं बघा, हवा प्रत्येक ट्रेवरून सारखी फिरते. आणि पक्कं बिल घ्याच.

मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, विक्रेत्याचं नाव, पत्ता? माझ्या हातातल्या कागदावर लिहिलंय, "ड्रायर, १ नग", आणि खाली एक मोबाइल नंबर. तो त्या प्रदर्शनानंतर बंदच लागतो.