ऑलिंपस क्लेव्हरकट ३व्ही: पित्तनलिकेत शिरताना कितपत उपयोगी?

ईआरसीपीत (तोंडातून स्कोप म्हणजे दुर्बीण घालून, एक्स-रेच्या मदतीने पित्त आणि स्वादुपिंडाच्या नलिकांवर केली जाणारी प्रक्रिया) खडे काढणं, स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) बसवणं हे सगळं पुढचं. आधी पॅपिलातून (पित्तनलिका आतड्यात उघडते तो लहान उंचवटा) पित्तनलिकेत शिरता आलं पाहिजे, तेही स्वादुपिंडाला न दुखावता. या कामासाठी क्लेव्हरकट ३व्ही हा स्फिंक्टरोटोम (टोकाशी कापणारी तार असलेली बारीक नळी) आम्ही मनापासून सुचवतो.

गाइडवायर (वाट धरून ठेवणारी बारीक तार), कॉन्ट्रास्ट (एक्स-रेवर दिसणारं द्रव) आणि कापणारी तार यांना त्यात तीन स्वतंत्र मार्ग आहेत. वायर न हलवता कॉन्ट्रास्ट सोडता येतो, त्यामुळे कष्टाने मिळालेली जागा हातची जात नाही. तारेच्या स्कोपकडच्या निम्म्या भागावर विद्युतरोधक आवरण आहे. तो भाग ड्युओडेनमच्या (लहान आतड्याचा पहिला भाग) अस्तराला टेकला तरी तिथे भाजत नाही. तार २०, २५ आणि ३० मिमी अशा लांबीत मिळते. आधी न कापलेल्या पॅपिलासाठी २० मिमी घ्यावी. लांब तार स्कोपच्या चॅनेलबाहेर पूर्ण यायलाच जास्त जागा लागते आणि जवळून, तार ओढून टोकाला नेमका बाक देता येत नाही.

स्कोपमध्ये घालण्याआधी वायरचा मार्ग सलाइनने धुवावा, नाहीतर हायड्रोफिलिक (ओली झाल्यावरच निसरडी होणारी) वायर अडखळते. बाकही बाहेरच तपासावा. पित्तनलिकेची दिशा घड्याळाच्या ११ ते १२ वर असते. टोक तिकडे वळत नसेल तर हाताने हलकेच आकार द्यावा. टोक पॅपिलात जेमतेम टेकवून सहायकाने ०.०२५ इंची वायर मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे सरकवावी. एक्स-रेवर ती मणक्याच्या उजवीकडून यकृताकडे चढली तर पित्तनलिका, मणका आडवा ओलांडला तर स्वादुपिंड. खात्रीसाठी आधी पित्त ओढून पाहावं, कॉन्ट्रास्ट नंतर.

सर्वाधिक चूक होते ती बाक जास्त देण्यात. टोक नलिकेच्या छताला रुततं, वायर पुढे जात नाही, मग जोर लावला जातो आणि खोटी वाट तयार होते. अशा वेळी बाक सैल करून स्कोप किंचित मागे घ्यावा. टोक आपोआप अक्षावर येतं. पाचपेक्षा जास्त वेळा पॅपिलाला स्पर्श, पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ किंवा स्वादुपिंडात एकापेक्षा जास्त वेळा नकळत प्रवेश, यातलं काहीही झालं की कॅन्युलेशन (नलिकेत शिरणं) अवघड मानून पद्धत बदलावी: स्वादुपिंडातली वायर तिथेच ठेवून दुसरीने प्रयत्न, किंवा प्रीकट (नलिकेत शिरण्याआधीच पॅपिला कापून वाट करणं). स्वादुपिंडात वायर गेलीच असेल तर स्वादुपिंडाला सूज येऊ नये म्हणून तिथे ५ फ्रेंचचा (सुमारे १.७ मिमी जाडीचा) स्टेंट ठेवावा. त्याच कारणासाठी, हे औषध वर्ज्य नसलेल्या प्रत्येक रुग्णाला प्रक्रियेआधी गुदमार्गे १०० मिग्रॅ डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथॅसिन द्यायलाच हवं.

कापताना तारेचा फक्त पुढचा थोडा भाग ऊतीला लावावा आणि मिश्र करंट (कापणारा आणि रक्त गोठवणारा मिळून) वापरावा. जास्त तार आत ढकलून ताण दिला की छेद एकदम सरकन वर जातो. रक्तस्राव आणि छिद्र पडण्याची भीती तिथेच. आवरण आहे म्हणून या बाबतीत गाफील राहू नये.

साधन एकदाच वापरायचं आहे. पैसे वाचवण्यासाठी पुन्हा निर्जंतुक केलेल्या नगाचा बाक तिरका होतो, आवरणाचीही हमी राहत नाही. रुग्णाच्या जिवापुढे ती बचत काहीच नाही.

बिलरॉथ २ शस्त्रक्रिया (जठराचा खालचा भाग काढून उरलेलं जठर लहान आतड्याला जोडणं) झालेल्यांसाठी मात्र हा घेऊ नये. तिथे पॅपिला उलटा दिसतो, पित्तनलिका खाली ५ ते ६ च्या दिशेला येते आणि याचा बाक नेमका विरुद्ध बाजूला जातो. त्यांच्यासाठी सरळ कॅथेटर किंवा फिरवता येणारा स्फिंक्टरोटोम तयार ठेवावा.