लायब्ररीच्या माळ्यावरचे साडेनऊ किलो जुने अंक : अनुभव आणि रेटिंग

आधी लायब्ररीबद्दल सांगते आणि मग विषयांतर करते, आणि विषयांतरच जास्त लांबणारे हे मला आत्ताच माहितीये.

सांगलीत गावभागाजवळ एक खाजगी लायब्ररी आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण काकांना स्वतःबद्दल कुठे काही छापून आलेलं खपत नाही, पण जिन्याखालची दीड खोली आणि लोखंडी सरकती जाळी म्हटलं की इथल्यांना कळेलच. डिपॉझिट ५०० रुपये, महिन्याला १५०, त्यात एका वेळी एक पुस्तक आणि दोन मासिकं. दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी. घरपोच पण आहे, म्हणजे दर मंगळवारी एक मुलगा स्कूटीवरून येतो, जुनं घेऊन जातो, नवीन देऊन जातो. येतो म्हणजे यायला पाहिजे. गेल्या चार महिन्यांत तो किती मंगळवार चुकला हे मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, काकांना दाखवलं तर म्हणाले, "अहो वहिनी, पोराची परीक्षा होती की." चार महिने परीक्षा. असो.

एक तारा तिथेच कापला.

आता मूळ मुद्दा. मी नाव घातलं ते आईसाठी. आई ७८ वर्षांची, फोनवर वाचायला लावलं की तिचे डोळे दुखतात, आणि तिला "बायकांचं काहीतरी" वाचायला हवं होतं. म्हणून काकांना म्हटलं महिलांची मासिकं दाखवा. त्यांनी टेबलावर तीनच टाकली. तीन! माझ्या लहानपणी मिरजेच्या लायब्ररीत त्या मासिकांसाठी नंबर लागायचे, चिठ्ठी लावून ठेवायची बायका, आणि अंक हातात यायचा तेव्हा मधली दोन पानं कुणीतरी आधीच लांबवलेली असायची. मी म्हटलं एवढीच? तर काका वर बोट करून म्हणाले, "तसले वर आहेत बघा. खालचं सगळं पाण्यात गेलं, तेवढंच राह्यलं."

झालं होतं असं की बायकांच्या जुन्या मासिकांना कोण विचारत नाही म्हणून त्यांनी ते सगळे गठ्ठे कधीचे माळ्यावर ढकलले होते, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आत शिरलं तेव्हा खाली छान मांडून ठेवलेल्या कादंबऱ्या, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, नवे कोरे दिवाळी अंक, सगळ्याचा लगदा झाला, आणि नको म्हणून वर टाकलेलं तेवढं वाचलं.

"न्या की, किलोवर देतो," म्हणाले. २० रुपये किलो. काट्यावर साडेनऊ किलो भरलं, १९० झाले, मी २०० दिले, १० रुपये सुट्टे नव्हते. अजून नाहीयेत.

आता त्या गठ्ठ्यात काय होतं. सगळ्यात खाली 'स्त्री'चे साठ-सत्तरच्या दशकातले वीसेक अंक, मधे 'किर्लोस्कर' आणि 'मनोहर' पण मिसळलेले, मग 'माहेर', मग 'गृहशोभिका'चा एक जाड गठ्ठा, इंग्लिश 'फेमिना' दोन-चार (ही कोण वाचत होती गावभागात, मला तिला भेटायचंय), आणि कव्हर फाटलेले काही अनाथ अंक. मी ते जमिनीवर पसरले, नाकाला ओढणी बांधली, आणि पहिलाच अंक उघडला तर मधे खिडकी. पानाच्या मधोमध कात्रीने कापलेला चौकोन. पुढच्या अंकात पण. तिसऱ्यात दोन.

आधी चिडले मी. मग सगळे अंक नुसते त्या भोकांसाठी चाळले, आणि खरं सांगते इतकी मजा मला अख्ख्या वर्षात कुठल्या वाचनात आली नव्हती. कारण उरलेल्या मजकुरावरून आणि अनुक्रमणिकेवरून ओळखता येतं की काय कापलंय. पाककृती सगळ्यात जास्त. त्यानंतर विणकाम, म्हणजे "दोन सुलट, दोन उलट, टाका पुढे घ्या" वाले नमुने, बाळाची टोपी, पुरुषांचा बिनबाह्यांचा स्वेटर. भरतकामाचे छाप तर पेन्सिलने इतके गिरवलेत की पलीकडच्या पानावर उमटलेत. आणि जिथे कापलं नाही तिथे समासात लिहिलंय, "गूळ कमी", "आमच्याकडे आवडले नाही", एका ठिकाणी नुसतं "खोटे!" असं. कशाला खोटे म्हणालीस ग बाई? लेख होता दहा मिनिटांत होणाऱ्या स्वयंपाकाचा.

म्हणजे तो अंक वाचून बाजूला ठेवायची वस्तू नव्हतीच. ते साधन होतं, कात्री, सुई आणि पेन घेऊन बसायचं. आणि नुसतं कापायला नाही, उत्तर द्यायला पण. 'स्त्री'मधला वाचकांच्या पत्रांचा भाग बघा एकदा. आधीच्या अंकातल्या लेखावर कोणीतरी चिडून लिहिलंय, तिला दुसऱ्या गावाहून दुसरीने उत्तर दिलंय, नोकरी करावी का, हुंडा मागणाऱ्याला नाही म्हणावं का, नवऱ्याने टाकलं तर काय. महिना लागायचा एकेका उत्तराला पण भांडण टिकायचं.

आणि हे सगळं सुरू कुठे झालं तर आमच्या जिल्ह्यात, याचा मला जरा जास्तच अभिमान आहे म्हणून सांगते. नांगर आणि कडबा कापायची यंत्रं करणारा कारखाना, किर्लोस्करवाडी, तेव्हा औंध संस्थानात. त्यांनी १९२० मध्ये गिऱ्हाइकांसाठी 'किर्लोस्कर खबर' काढलं, त्याचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, आणि ऑगस्ट १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी, म्हणजे शंवाकिंनी, खास बायकांसाठी 'स्त्री' काढलं, चार वर्षांनी 'मनोहर'. विचार करा, मिरज-पुणे लाईनवरचं छोटंसं स्टेशन, आजूबाजूला माळ, आणि तिथून घरोघरी अंक जातोय ज्यात मुलींनी शिकावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं असं दर महिन्याला छापून येतंय. आजी म्हणायची की तिच्या सासरी तो अंक आधी सासरे वाचायचे आणि मग आत द्यायचा की नाही ते ठरवायचे, आणि सासूबाई तो परस्पर शेजारून मागवायच्या.

सगळं भारी होतं असं मात्र म्हणणार नाही. त्या अनाथ अंकांमधल्या एकात सल्ल्याचं सदर आहे, एकीने लिहिलंय की नवरा हात उगारतो, तर ताईंचं उत्तर काय, "त्यांच्या आवडीनिवडी जपा, घरी आल्यावर प्रसन्न मुद्रेने सामोऱ्या जा." वाचून अंगावर काटा आला. आणि गोरं करायच्या क्रीमची जाहिरात काही आजची नाही हो, अफगाण स्नोपासून चालू आहे, मग १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आलं, आणि त्याच्या नावातला फेअर जायला २०२० उजाडलं. ४५ वर्षं! गंमत म्हणजे १९७५ हेच संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केलेलं.

त्या आसपास मासिकांचे दोन रस्ते झाले असं मला वाटतं. एक विद्या बाळांचा. त्या १९६४ पासून 'स्त्री'त होत्या, १९८३ ते ८६ संपादक, मधे १९८२ मध्ये पुण्यात नारी समता मंच, आणि 'स्त्री' सोडल्यावर ऑगस्ट १९८९ मध्ये स्वतःचं 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. नुसतं ऑफिसात बसून संपादकीय लिहिणाऱ्यातल्या नव्हत्या, २०१६ मध्ये देवळात बायकांना प्रवेश मिळावा म्हणून हायकोर्टात गेल्या त्यात त्या होत्या. २०२० च्या जानेवारीत गेल्या. अंक अजून चालू आहे, गीताली वि. मं. संपादक, आणि काकांनी टाकलेल्या तीनमधलं एक तेच होतं, बाकी दोन सोडा. आईने पहिला अंक बघून "यात फोटोच नाहीत" म्हणून नाक मुरडलं, दोन दिवसांनी बघते तर पेन घेऊन बसलीये आणि समासात काहीतरी लिहितेय. लायब्ररीचा अंक आहे म्हटलं तर म्हणे, मग काय झालं.

दुसरा रस्ता रंगीत. दिल्ली प्रेसच्या हिंदी 'गृहशोभा'ची मराठी बहीण 'गृहशोभिका', त्यात घर, फॅशन, सासू-सून कथा, आणि देवाधर्माच्या नावाने चालणाऱ्या लुबाडणुकीवर सणसणीत लेख पण, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. इंग्लिशमध्ये 'फेमिना' १९५९ पासूनचं, पण खरी हवा झाली ती १९९४ ला, त्यांच्याच मिस इंडिया स्पर्धेतल्या सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय एकाच वर्षी मिस युनिव्हर्स आणि मिस वर्ल्ड झाल्या तेव्हा, आणि १९९१ नंतर बाहेरच्या कंपन्यांच्या क्रीम-शाम्पूंनी बाजार भरलेला. माझ्या गठ्ठ्यात तो बदल जमिनीवर पसरल्यावर सरळ रेषेत दिसतो. आधी मुखपृष्ठावर हाताने काढलेली बाई, कधी तुळशीपाशी, कधी पुस्तक घेऊन, तिची नजर दुसरीकडेच कुठेतरी. नंतरची मॉडेल थेट तुमच्याकडे बघतेय. आणि रंगीत गुळगुळीत कागद सुरू झाला तिथून पुढे भोकं कमी होत जातात. शेवटच्या अंकांत तर एकही नाही. कोरे करकरीत.

का बंद झालं कापणं? कारणं तशी साधी आहेत. पाककृती आणि तब्येतीचे लेख पेपरच्या पुरवण्यांत यायला लागले, 'लोकसत्ता'ची चतुरंग, 'लोकमत'ची सखी, पेपर घरात येतोच, मग वेगळे पैसे कशाला. दुपारची वेळ आधी टीव्हीने खाल्ली, १९९९ मध्ये अल्फा मराठी (आताचं झी मराठी) आलं त्यानंतर तर बोलायलाच नको. स्वेटर विकत मिळायला लागले. मग यूट्यूब. आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अंक येणंच थांबलं, तेव्हा सुटलेली सवय बऱ्याच जणींना परत लागलीच नाही, मी पण त्यातलीच.

तुलना करायला म्हणून मी बसस्टँडवरून या महिन्याचं एक चकचकीत मासिक विकत आणलं, नाव घेत नाही. निम्म्याच्या आसपास पानं जाहिरात, उरलेल्यात निम्मी जाहिरातच पण लेखासारखी दिसणारी. वाचकांची पत्रं नाहीत, फक्त इन्स्टाग्रामचं चिन्ह आणि क्यूआर कोड. मैदा-साखर सोडा असं पान १२ वर, आणि मागे केक. दहा मिनिटांत वाचून झालं. लेक म्हणाली, "आई, तू उगाच भावुक होतेस, आम्ही स्क्रीनशॉट काढतो ते कात्रणच की." बरोबर आहे तिचं. मी विचारलं परत बघतेस का ते, तर फोन उघडून दाखवला, सहा हजार फोटो, त्यात पनीर टिक्क्याच्या शेजारी गॅसचं बिल. भांडणं पण आहेत म्हणे, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर, फक्त दुसऱ्या दिवशी गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडली जातात.

तर रेटिंग. लायब्ररी पाचपैकी चार. एक तारा स्कूटीवाल्याचा गेला, आणि सुट्ट्या पैशांचा अर्धा कापणार होते पण काकांनी माळ्यावर चढायला स्वतः शिडी धरली म्हणून सोडला. जाणार असाल तर सकाळी ११ च्या आधी जा, गुरुवारी बंद असते, आणि धुळीसाठी मास्क न्या. अजून बरेच गठ्ठे आहेत वर, 'माहेर' तर भरपूर.

आणि एक काम आहे. त्या अनाथ अंकांत एक कथा आहे, कव्हर नसल्यामुळे कुठलं मासिक ते काढता येईना, पण जाहिरातींवरून साठचं दशक असावं. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागलेली बाई, पहिल्यांदाच एकटी निघालीये, मिरज स्टेशनवर गाडी उभी आहे, नवरा फलाटावर येऊन खिडकीचा गज धरतो आणि म्हणतो, "मी काय सांगतो ते ऐक", आणि तिथे भोक. पलीकडच्या बाजूला शेवेच्या लाडवांची कृती होती, अनुक्रमणिकेत आहे. कुणीतरी लाडवांसाठी त्या नवऱ्याचं बोलणं कापून नेलं. काका दुसरी प्रत शोधतायत, दोन महिने झाले. कुणाच्या घरी जुन्या अंकांत ही कथा असली तर प्लीज शेवटचा परिच्छेद कळवा, ती उतरली का गाडीतून एवढंच सांगा, आई रोज विचारते.