खाडीकाठचं घर आणि डिशवॉशर : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

मशीन १३ सेटिंगचं (एका वेळी १३ जणांची भांडी मावणारं), ६० सेंमी रुंद, मोकळं उभं ठेवायचं. घर मालवण तालुक्यात, खाडीच्या काठाला. पाणी विहिरीचं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवलेलं. एरवी दिवसाला एक फेरी, गणपतीत तीन. या काळात एक अख्खा पावसाळा गेला आणि विहिरी मचूळ होतात तो मे महिनाही गेला.

भांडी कशी निघतात यावर फार लिहायला नको. बांगड्याच्या तिखल्याचा टोप, वाटण करपलेली स्टीलची कढई ७० अंशांच्या प्रोग्रॅमला स्वच्छ निघते. ताटवाट्यांना ५० अंशांचा इको पुरतो : साडेतीन तास, दहा लिटरच्या आसपास पाणी, साधारण एक युनिट वीज. घावण्याचा बिडाचा तवा, पितळी-तांब्याची भांडी, ॲल्युमिनियम आणि लाकडी डाव आत घालायचे नाहीत. ॲल्युमिनियम एका फेरीत काळं पडतं, कारण पावडर अल्कधर्मी असते. त्याला मशीनचा इलाज नाही.

बाकी सगळा मामला देखभालीचा. आणि किनाऱ्यावर देखभाल म्हणजे पाणी, वीज आणि खारी हवा.

पाण्याबद्दल सगळ्यात मोठा गोंधळ टीडीएस मीटरमुळे होतो. मीटर बुडवला, आकडा ७००-८०० आला, की ‘पाणी जड आहे, सेटिंग वाढवा, मीठ भरा’ असं सांगून माणूस मोकळा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच. जडपणा म्हणजे त्यातलं फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मुळात बऱ्यापैकी मऊ असतं, त्यात लोह मात्र असतं. एप्रिलनंतर पातळी खाली गेली की खाडीचं खारं पाणी झिरपतं आणि टीडीएस उसळतो, तो मुख्यतः साध्या मिठामुळे. समुद्राच्या पाण्यातल्या मॅग्नेशियममुळे जडपणाही थोडा चढतो, पण टीडीएसच्या आकड्याइतका नाही. मशीनमधला सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारा भाग, कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून त्याजागी सोडियम सोडतो; त्यासाठीच त्यात मीठ भरायचं असतं. खारेपणा तो काढूच शकत नाही. तेव्हा मचूळ पाण्यावर सॉफ्टनरची सेटिंग वाढवत जाणं म्हणजे मीठ आणि पाणी दोन्ही वाया घालवणं.

त्यापेक्षा थेंबांचं जडपणा तपासायचं किट आणावं आणि वर्षातून दोनदा, ऑगस्टात आणि मेमध्ये, तपासावं. १७.८ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) जडपणा म्हणजे एक जर्मन अंश, आणि सेटिंगचा तक्ता बहुधा या अंशांतच दिलेला असतो. साधारण ६ अंशांपर्यंत, म्हणजे १०७ पीपीएमच्या आत, बऱ्याच मशिनांत सॉफ्टनर शून्यावर ठेवायचा असतो.

पेल्यावर पांढुरकं दिसलं तर तो डाग कुठल्या जातीचा आहे ते आधी बघावं. साध्या पाण्याने विसळून पुसल्यावर गेला तर ते मीठ : पाणी मचूळ आहे, सॉफ्टनरला हात लावू नका. पाण्याने गेला नाही, पण व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा दोन मिनिटं ठेवल्यावर गेला, तर तो जडपणाचा क्षार : मीठ संपलंय का बघा, नसेल तर सेटिंग एक पायरी वर. व्हिनेगरनेही हलला नाही आणि पेला उजेडात धरल्यावर धुरकट, कधी निळसर-जांभळी झाक दिसली, तर काचच झिजली आहे. तो पेला पुन्हा चकचकीत होत नाही. मऊ पाणी, जास्त पावडर आणि ७० अंश या तिघांचं ते काम. पावसाळ्यात विहिरीचं पाणी सगळ्यात मऊ असतं, तेव्हा पाकिटावर २०-२५ ग्रॅम लिहिलेलं असलं तरी १२ ते १५ ग्रॅम पुरते, आणि काच इकोवरच धुवावी. वडीत माप कमी करता येत नाही, म्हणून इथे पावडरच बरी. फक्त ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जुलैच्या हवेत उघडं पाकीट चार दिवसांत दगड होतं. ओल्या कप्प्यात पावडर टाकली तरी ती थिजते आणि अर्धी तिथेच राहते. मग लोक म्हणतात झडप बिघडली.

सॉफ्टनरमध्ये डिशवॉशरचंच मीठ घालायचं. मिठागराचं जाडं मीठ दिसायला तसंच आणि स्वस्त, पण त्यात माती आणि मॅग्नेशियम असतं, म्हणजे जे काढायचं तेच आत ओतल्यासारखं. बारीक टेबल मीठ गठ्ठा धरतं. पहिल्यांदा भरताना कप्पा आधी पाण्याने काठोकाठ भरायचा, मग मीठ. भरल्या भरल्या एक प्रोग्रॅम लावायचा. सांडलेलं खारं पाणी तळात तसंच राहिलं तर स्टीलला बारीक खड्डे पडतात.

लोहामुळे टबला आतून पिवळट-तपकिरी लेप चढतो. दोन-तीन महिन्यांनी १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व) टबच्या तळात टाकून, भांडी आणि पावडर न घालता, ७० अंशांवर फेरी चालवा. लेप जातो, वासही जातो. ब्लीच अजिबात नको. ते स्टील खातं, आणि ॲसिडशी गाठ पडली तर विषारी वायू सुटतो.

पाणी आत येत नसेल तर आधी दाब. बहुतेक मशिनांना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो. टाकीतल्या पाण्यापासून मशीनच्या पाणी आत घेणाऱ्या व्हॉल्वपर्यंत दर मीटर उंचीला साधारण ०.१ बार मिळतो, म्हणजे बैठ्या घराच्या स्लॅबवरची टाकी जेमतेम ०.३ ला पोचते. मशीनचा नळ उघडून दहा लिटरची बादली किती वेळात भरते ते बघा. मिनिटभरात भरली तर ठीक. दोन मिनिटं लागली तर टाकी उंच करा किंवा छोटा प्रेशर पंप बसवा. व्हॉल्व बदलून काही होणार नाही.

दाब पुरेसा असूनही मशीन अडलं तर जाळी. नळ बंद, प्लग काढलेला. पाऊण इंची नळी मशीनच्या बाजूने सोडवा, खाली फडकं ठेवा. व्हॉल्वच्या तोंडात बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळी असते, मध्ये धरायला दांडी. पकडीने सरळ ओढायची, पिळायची नाही. जूनमध्ये त्यावर तांबडा गाळ लोण्यासारखा बसलेला असतो. जुन्या ब्रशने धुवून परत लावा, वॉशर जागेवर आहे ना बघा, नळी हाताने घट्ट करा. पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी. बाहेरून फिल्टर लावायचा तर धुता येणारा जाळीचा. ५ मायक्रॉनचं कार्ट्रिज टाकीच्या दाबावर आधीच अशक्त असलेला प्रवाह पार मारून टाकतं.

आता सांडपाणी. आपल्याकडे प्लंबर नळी भिंतीतून सरळ परसात काढतो आणि जमिनीवर सोडतो. हे चुकीचं. नळीचं तोंड टबच्या तळापेक्षा खाली गेलं की सायफन होतो : मशीन पाणी घेतं, ते आपोआप वाहून जातं, परत घेतं, शेवटी एरर दाखवून थांबतं. नळीचा एक वळसा किमान ४० सेंमी उंचीवर पक्का बांधायला हवा, एक मीटरच्या वर मात्र नको. त्यातही उत्तम म्हणजे ४० मिमीचा उभा पाइप, तोंड ५० सेंमीवर, नळी त्यात सैल अडकवलेली. पुढचं पाणी शोषखड्ड्यात. रोज माडाच्या आळ्यात सोडू नये, त्यात सोडियम भरपूर असतं. परसातल्या उघड्या नळीला तोंडाशी जाळी बांधायचा मोह टाळा, खोबऱ्याच्या चोथ्याने ती आठवड्यात बसते. उंदीर नळी कुरतडतात, त्यावर उपाय भिंतीबाहेरचा भाग पीव्हीसी पाइपातून नेणं.

पाणी उपसताना नुसती घरघर येते आणि तळात पाणी राहतं, तेव्हा पंपात काहीतरी अडकलंय. मासळीच्या घरात ते बहुधा तिसऱ्यांच्या शिंपल्याचा कपचा किंवा काटा असतो. जाळीच्या कडेने हे तुकडे निसटतात, विशेषतः दंडगोल फिल्टर परत लावताना शेवटपर्यंत फिरवला नसेल तर. प्लग काढा, खालची टोपली बाहेर, दंडगोल डावीकडे फिरवून वर, खालची सपाट जाळी वर. साठलेलं पाणी वाटीने आणि स्पंजने काढा. खड्ड्याच्या बाजूला पंपाचं प्लॅस्टिकचं झाकण असतं, बऱ्याच मशिनांत ते चमच्याच्या दांड्याने उचकटून निघतं. आत बोट घालण्याआधी टॉर्चने बघा, कपचा धारदार असतो. मग पंखा बोटाने फिरवा. तो अडखळत, झटक्याझटक्याने फिरतो. आत चुंबक असतं म्हणून, तो दोष नव्हे. गुळगुळीत फिरावा म्हणून त्यात तेल घालणारे आहेत, त्यांना आवरा. झाकण परत लावताना ‘टक’ आवाज यायलाच हवा. अर्धवट बसलं तर पंप फिरतो पण पाणी जात नाही. जाळ्या रोज विसळाव्या लागतात. नारळाच्या रसातली चरबी २४ अंशांच्या आसपास थिजते, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी जाळीवर मेणासारखा थर दिसतो. तो गरम पाण्यानेच निघतो.

मशीन चालू करताच नुसता ड्रेन पंप चालतो आणि थांबत नाही, ही वेगळी गोष्ट. तळाच्या पत्र्यात पाणी साठून फ्लोट उचलला गेलाय. प्लग काढा, नळ बंद करा, दोघांनी मिळून मशीन मागे तिरकं करून पाणी सांडू द्या. कारण बहुधा फेस : कोणीतरी पावडरीऐवजी भांड्यांचं लिक्विड घातलेलं असतं. पुन्हा साठलं तर दाराचं रबर नाहीतर नळीचा जोड गळतोय.

विजेचं गणित सरळ आहे. हीटर २००० वॉटचा असेल तर २३० व्होल्टला तेवढा. संध्याकाळी १८० व्होल्ट आले की जेमतेम १२२५ वॉट. प्रोग्रॅम लांबतो, कधी मशीन हीटरचा एरर देतं आणि हीटर मात्र धडधाकट असतो. १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट, चांगलं अर्थिंग, आणि ४ केव्हीएचा स्टॅबिलायझर किंवा निदान कमी-जास्त व्होल्टेजला तोडणारं उपकरण. मे अखेरीस आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा. मध्येच लाइट गेली तर रीसेट करू नका, लाइट आल्यावर बहुतेक मशिनं तिथूनच पुढे चालतात. घरच्या नेहमीच्या इन्व्हर्टरवर हीटर चालत नाही.

वर्षातून एकदा मागचा-खालचा पत्रा उघडून चपट्या टर्मिनल्स बघाव्यात. हिरवट-काळी झाली असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सैल असतील तर बदला. सैल टर्मिनल हीटरच्या करंटने जळतं आणि पीसीबी (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) घेऊन जातं. पीसीबीवर मुंग्यांचं वारूळ किंवा मेलेली पाल सापडणं इथे रोजचं. मशीनच्या पायांभोवती साखरेचा कण राहू देऊ नका. दाराच्या स्प्रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, खोबरेल नको.

पार्टसाठी दाराच्या कडेवरच्या पाटीचा फोटो मोबाइलमध्ये आजच काढून ठेवा. नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही. बॉश-सीमेन्सच्या पाटीवर ई-एनआर (मॉडेलचा पूर्ण क्रमांक) असतो, त्यातला तिरप्या रेघेपुढचा आकडासुद्धा लागतो, आणि एफडी (मशीन कधी बनलं तो) क्रमांक. एफडीच्या पहिल्या दोन आकड्यांत २० मिळवले की वर्ष, पुढचे दोन महिना : ०२०३ म्हणजे मार्च २०२२. ऑनलाइन मागवताना २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलेलं वाचूनच पैसे भरा. अमेरिकेचे १२० व्होल्टचे पंप फोटोत हुबेहूब तसेच दिसतात. पंपाचं तोंड कुठल्या बाजूला, बसवायचा कसा (फिरवून की स्क्रूने) आणि कनेक्टर कसा, हे तिन्ही जुळले तर दुसऱ्या कंपनीचा पंपही चालतो.

मागवण्याआधी मल्टिमीटर लावा, प्लग काढून आणि वायर सोडवून. २००० वॉटचा हीटर २६ ओहमच्या आसपास, ड्रेन पंप साधारण १५० ते २०० ओहम, इनलेट व्हॉल्वची कॉइल ३.५ ते ४.५ किलोओहम. हे आकडे जुळले आणि तरी भाग चालत नसेल तर संशय पीसीबीवर किंवा मधल्या वायरवर. पाणी गरम व्हायला लागल्यावरच आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) पडत असेल तर हीटर अर्थला गळतोय. तो दुरुस्त होत नाही, बदलायचा.

भाग कोल्हापूर किंवा मुंबईहून यायला आठवडा धरा, पावसात घाट बंद असला तर जास्त. म्हणून ड्रेन पंप, इनलेट व्हॉल्व, नळीचे वॉशर आणि टोपलीची चार चाकं घरात हवीतच. दाराचं रबर मात्र आणून ठेवू नका, डब्यात घडी घालून ठेवलं की ते वळ धरतं आणि बसवल्यावर त्याच जागी गळतं.

घर बंद ठेवून मुंबईला जाणाऱ्यांनी शेवटच्या फेरीनंतर तळातलं पाणी स्पंजने टिपावं, नळ बंद, प्लग बाहेर, दार चार बोटं उघडं. परत आल्यावर चालू करण्याआधी तळात दोन लिटर गरम पाणी ओतून अर्धा तास थांबावं आणि ड्रेन पंपाचा पंखा एकदा हाताने फिरवून बघावा.