‘फोन फुकट’ देणाऱ्याकडून फोन घेण्याआधी

सेवा कंपनीच्या दुकानात ‘हा प्लॅन घ्या, फोन फुकट’ असं कुणी म्हणालं, तर सहीआधी हे वाचा. माझ्या गळ्यात जे मारलं गेलं, ते अजून निस्तरतोय.

फोन फुकट नव्हताच. त्याची पूर्ण किंमत माझ्या नावावर हप्त्यांनी मांडली होती आणि दर महिन्याच्या बिलात तेवढीच रक्कम ‘सवलत’ म्हणून वजा होत होती. कागदावर हिशेब शून्य. मेख अशी, की ही सवलत प्लॅनला बांधलेली. खालचा प्लॅन घेतला की सवलत बंद, आणि कंपनी सोडली तर उरलेले सगळे हप्ते एकरकमी भरायचे. मी विक्रेत्याला सरळ विचारलं होतं, ‘मधेच सोडलं तर?’ ‘कधीही सोडा सर, बंधन काहीच नाही.’ शब्दशः खरं होतं ते! प्लॅनला मुदत नव्हतीच. मुदत होती फोनच्या कर्जाला, आणि तो करार वेगळा.

करार दोन, सही मात्र एकदाच, तीही टॅबवर. टॅब त्याच्याच हातात. ‘हे नेहमीचंच असतं,’ म्हणत तो बोटाने भराभर पानं वर सरकवत गेला आणि सहीची चौकट आली तेव्हाच टॅब माझ्याकडे वळवला. कराराची प्रत नंतर ईमेलने आली. त्यात फोनचा विमा आणि ‘प्रीमियम सपोर्ट’ नावाची सेवा, दोन्हींपुढे आधीच टिक. दुकानात याबद्दल कुणी ब्रही काढला नव्हता. तेव्हा सहीआधी प्रत स्वतःच्या ईमेलवर मागवा आणि ती स्वतःच्या फोनवर वाचा. ‘सिस्टिममधून सहीनंतरच जाते’ असं सांगितलं, तर त्या दिवशी खरेदी करू नका. ऑफर आजच संपत असली तरी.

‘अनलिमिटेड’ डेटाचं नाटक तर जुनंच आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत पूर्ण वेग, मग गळा आवळलेला. माझ्या प्लॅनमध्ये मर्यादेनंतर सेकंदाला १२८ किलोबिट. ऐकायला बरं वाटतं, पण आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला फक्त १६ किलोबाइट. चार मेगाबाइटचा एक फोटो पाठवायला चार मिनिटांच्या वर. डेटा बंद झालेला नाही, असं म्हणायला ते मोकळे.

खरा मनस्ताप नेटवर्कने दिला. दुकानातल्या नकाशावर माझा सगळा परिसर गडद रंगात होता. असे नकाशे बहुधा गणिताने काढलेले असतात, आणि उघड्यावर सिग्नल मिळेल एवढंच ते सांगतात. भिंतींच्या आत काय होईल ते नाही. ७०० किंवा ८०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या लहरी भिंतींतून बऱ्यापैकी आत येतात, २६०० च्या पुढच्या लवकर दम तोडतात. माझ्या भागात कंपनीची मदार खालच्या बँडवर, म्हणजे लहरींच्या खालच्या पट्ट्यावर, आणि मला दिलेल्या फोनमध्ये नेमका तोच बँड नव्हता. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या बाजारांसाठी वेगवेगळ्या मॉडेल नंबरांनी निघतो आणि प्रत्येकाचे बँड वेगळे असू शकतात. खोक्यावर बारीक अक्षरात तो नंबर असतो. फोनचं नाव सोडा, नंबर बघा. त्याच नंबरच्या फोनवर व्होल्टी, म्हणजे फोरजीवरून जाणारे कॉल त्या कंपनीच्या जाळ्यात चालतात का, तेही लेखी विचारा. जिथे टूजी-थ्रीजी बंद झालंय, तिथे व्होल्टी नसेल तर इंटरनेट चालतं पण साधा कॉल लागत नाही.

मग दुसऱ्या कंपनीचं सिम घालून पाहिलं. पडद्यावर ओळ आली, ‘हे सिम चालणार नाही’. फोन लॉक होता, म्हणजे फक्त त्याच कंपनीच्या सिमवर चालणारा, आणि असा लॉक ई-सिमलाही (फोनमध्येच बसवलेल्या सिमलाही) लागू असतो, त्यामुळे ती पळवाटही बंद. कॅनडात डिसेंबर २०१७ पासून फोन अनलॉक करूनच विकावे लागतात. ब्रिटनमध्ये लॉक केलेले फोन विकायला डिसेंबर २०२१ पासून बंदी आहे. हा नियम सगळीकडे नाही. म्हणून दुकानातच, पैसे देण्याआधी, दुसऱ्या कंपनीचं सिम घालून एक कॉल लावा. विक्रेता कां-कूं करू लागला की काय ते समजा. *#०६# दाबून येणारा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी ताडून घ्या. तिन्ही एकच हवेत.

शक्य असेल तर फोन एकीकडून आणि सेवा दुसरीकडून घ्या. आधी सगळ्यात छोटा प्रीपेड प्लॅन घ्यायचा, जुन्याच फोनमध्ये घालायचा आणि जिथे झोपता, काम करता, प्रवास करता तिथे चालवून बघायचा. दुकानातला पूर्ण भरलेला सिग्नल काय कामाचा?

तक्रार करताना कॉल सेंटरवर घसा कोरडा करू नका. तिथे दर वेळी नवा माणूस, नवी माफी. मी करारातली कलमं उचलून लेखी पाठवली. विमा आणि सपोर्टचे पैसे परत मिळाले, कारण त्यांना माझी वेगळी संमती दाखवता आली नाही. नेटवर्कबद्दल उत्तर आलं, ‘नकाशा अंदाजे असतो.’ हप्ते चालू आहेत. लॉक ते फिटल्यावर निघेल, तोही आपोआप नाही. वेगळा अर्ज करावा लागेल, असं त्याच पत्रात खाली लिहिलंय.