कॅननची १००, टॅमरॉनची ९० की लाओवाची १००? पावसाळी किड्यांसाठी मॅक्रो लेन्स घेताना

शार्पनेसचा वाद आधीच बाजूला ठेवू. या तिन्ही लेन्स शार्प आहेत. एफ/८ ला (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) काढलेले तिघींचे फोटो नावं झाकून समोर ठेवले, तर कुठला कुणाचा हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही, आणि ज्यांना येतं ते बहुधा झूम करून कोपरे बघतात. कोपऱ्यात कोळी बसत नाही.

स्पर्धक असे: कॅननची ईएफ १०० एमएम एफ/२.८ एल मॅक्रो आयएस (२००९), टॅमरॉनची जुनी एसपी ९० एमएम, म्हणजे २७२ई (२००४), आणि लाओवाची १०० एमएम २एक्स (२०१९). कॅमेरा कॅननचा धरला आहे. काम म्हणजे मुंबईतलं: बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, आरे, फार तर माहीमचं निसर्ग उद्यान. जूनचा पहिला जोरदार पाऊस पडला की ऑक्टोबरपर्यंत झाडोऱ्यात वाकून, ट्रायपॉड न लावता, फ्लॅश मारून किडे टिपायचे. तुमचं काम टेबलावर दागिने किंवा नाणी टिपण्याचं असेल तर पुढचं फारसं वाचायची गरज नाही. सेकंडहँड टॅमरॉन घ्या आणि उरलेले पैसे लाइटवर घाला.

झाडाखाली पावसाळी उजेडात एफ/११ ला काम करायचं तर फ्लॅशशिवाय गत्यंतर नाही. फुल फ्रेमवर (३६ मिलिमीटर रुंदीचा सेन्सर) १:१ ला, म्हणजे किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढाच उमटतो तेव्हा, एफ/११ ठेवूनही फोकसमध्ये राहणारी जाडी जेमतेम १.३ मिलिमीटर असते. जंपिंग स्पायडरचे पुढचे डोळे धारदार आले की मागचे पाय विरघळायला लागतात. म्हणजे एफ/५.६ वर उतरून उजेड मिळवायची सोय नाही. फ्लॅश आला की डिफ्यूझर, म्हणजे उजेड मऊ करणारा पडदा, आला: कुणी तो चिप्सच्या डब्यापासून बनवतं, कुणी थर्माकोल आणि ट्रेसिंग पेपरपासून. आणि डिफ्यूझर आला की या तीन लेन्समधला खरा फरक दिसायला लागतो. तो एमटीएफच्या, म्हणजे शार्पनेस मोजणाऱ्या, आलेखात सापडत नाही.

टॅमरॉन २७२ई ची नळी फोकस करताना पुढे येते. अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसला, लेन्स सुमारे ९७ मिलिमीटर लांब असते, १:१ ला ती आणखी पाच सेंटिमीटरच्या आसपास बाहेर निघते. तोंडापासून किड्यापर्यंत उरतात साधारण दहा सेंटिमीटर. आता डिफ्यूझरचं गणित बघा. १:१ ला नळी पूर्ण बाहेर असताना डिफ्यूझरची पुढची कड लेन्सच्या तोंडाच्या बरोबर वर येईल असा तो बसवला, तर छान मऊ उजेड पडतो. मग शेजारच्या फांदीवर प्रार्थनाकीटक दिसतो, बोटभर लांब. त्यासाठी १:४ वर जावं लागतं. नळी आत जाते, आणि डिफ्यूझर तीनचार सेंटिमीटर पुढे लोंबकळत राहतो. फ्रेमच्या वरच्या बाजूला पांढरट पडदा दिसतो, नाहीतर कड पानाला लागून किडा उडतो. उलट केलं, म्हणजे नळी आत असताना डिफ्यूझर बसवला, तर १:१ ला लेन्सचं तोंड डिफ्यूझरच्या पाच सेंटिमीटर पुढे निघतं. उजेड मागून, लेन्सच्या काठावरून येतो. किड्याचं पोट काळं पडतं, आणि डोळ्यातलं प्रतिबिंब, जे रुंद खिडकीसारखं हवं, ते टाचणीच्या टोकाएवढं होतं.

कोणी म्हणेल, एकदा १:१ ला लॉक करा, ऑटोफोकस बंद करा आणि शरीर पुढेमागे झुलवून फोकस घ्या. सगळे जाणते तसंच करतात, मीही करतो. पण दिवसभर सगळे किडे १:१ चे मिळत नाहीत. राष्ट्रीय उद्यानातल्या शिलोंढ्याच्या वाटेवर पाच मिनिटांत गोगलगाय, टाचणी (चतुराचा बारीक भाऊबंद), पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या आणि नाकतोडा असा क्रम लागू शकतो. दर वेळी डिफ्यूझर ढकलायचा, वेल्क्रो काढायचा आणि लावायचा. घामाच्या हातांनी, चष्म्यावर वाफ असताना.

दुसरा उपाय म्हणजे ५५ मिलिमीटरच्या फिल्टर आट्यांवर रिंग लावून डिफ्यूझर नळीवरच चढवायचा, म्हणजे तो नळीबरोबर ये-जा करेल. कल्पना चांगली आहे. पण मग तेवढं वजन त्या नळीच्या टोकाला लटकतं. छोट्या मोटरला ते ओढायला लावणं बरं नव्हे, आणि कॅमेरा खाली वाकवला की नळी हळूहळू घसरण्याची शक्यता वाढते. साठ-सत्तर ग्रॅमच्या आत बसणारा कागदी डिफ्यूझर असेल तर चालून जावं.

कॅननच्या १०० ला हा प्रश्नच येत नाही. आतल्या काचा सरकतात, बाहेरून ती १२३ मिलिमीटरच राहते. डिफ्यूझर एकदा बसवला की १:४ पासून १:१ पर्यंत त्याचं आणि लेन्सच्या तोंडाचं नातं बदलत नाही. किडा लांब गेला की उजेड थोडा कडक होतो, ते कुठल्याही लेन्समध्ये होणारच. पण सावलीची दिशा तीच राहते, आणि पहिल्या पाच फोटोंनंतर फ्लॅशची पॉवर हाताला पाठ होते. माझ्या पुरता निकाल इथेच लागला. बाकीचे मुद्दे खरं तर मनाला पटवण्यासाठी.

१:१ ला कॅननच्या तोंडापुढे तेरा सेंटिमीटर मोकळे राहतात. टॅमरॉनपेक्षा तीनच जास्त. कागदावर हे हास्यास्पद वाटतं. सिग्नेचर स्पायडरच्या जाळ्यासमोर मात्र वाटत नाही. ही कोळीण मधोमध पाय जोडीजोडीनं ठेवून इंग्रजी एक्ससारखी बसलेली असते, आणि जाळ्याचे आधाराचे धागे तुमच्या बाजूला हातभर आलेले असतात. त्यातल्या एकाला काठ लागला की ती सगळं जाळं गदागदा हलवायला लागते. पुढची दोन मिनिटं कॅमेरा खाली. म्हणूनच कॅननबरोबर येणारा खोल हूड घरी ठेवा. तो लावलात तर त्या तेरातले निम्म्याच्या आसपास तोच खातो. टॅमरॉनची पुढची काच मुळातच खोलात बसवलेली असल्यामुळे तिला हूडची गरज कमी. हा तिचा खरा गुण आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

वजनाचं म्हणाल तर टॅमरॉन ४०५ ग्रॅम, कॅनन ६२५, लाओवा ६३८. गर्दीच्या लोकलमध्ये पाठीवरची बॅग पोटावर घेऊन उभं राहायचं असेल तर सव्वादोनशे ग्रॅम कळतात. सव्वाशे रुपयांची छत्री त्याहून जास्त त्रास देते, तो भाग वेगळा.

आयएसबद्दल, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेबद्दल, गैरसमज बरेच आहेत. कॅनन स्वतःच साधारण अंतरावर चार स्टॉप आणि १:१ ला दोन स्टॉप म्हणते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). फ्लॅश मुख्य उजेड असेल तर फोटो गोठवण्याचं काम फ्लॅशच करतो. पॉवर १/८ च्या खाली असेल तर त्याची ठिणगी सेकंदाच्या काही हजाराव्या भागाएवढीच असते. मग आयएस कशाला? व्ह्यूफाइंडरमधलं चित्र थोडं स्थिर दिसतं म्हणून. गुडघ्यावर बसून, श्वास रोखून दीड मिलिमीटरच्या पट्ट्यात डोळा पकडायचा असतो तेव्हा नाचणारं चित्र आणि डुलणारं चित्र यात फरक पडतो. मला तो मोजता येणार नाही, पण फेकून द्यायचे फोटो कमी होतात असं वाटतं.

ऑटोफोकसही फुलपाखरं आणि चतुरांपुरताच. तिथे कॅननवरच्या लिमिटरचे, म्हणजे फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणाऱ्या बटणाचे, तीन पर्याय उपयोगी आहेत: पूर्ण, ०.३ ते ०.५ मीटर, आणि ०.५ पासून अनंत. ब्लू मॉर्मन घाणेरीवर बसलं असेल तर तिसरा ठेवा, लेन्स उगाच जवळच्या टोकापर्यंत भटकत नाही. टॅमरॉनला दोनच पर्याय, आणि भटकायला लागली तर ती पाच सेंटिमीटरची नळी आवाज करत बाहेर जाऊन परत येते. तोवर फुलपाखरू ठाण्याला.

आता लाओवा. तिचा मोह मी समजू शकतो. पाच-सहा मिलिमीटरचा जंपिंग स्पायडर १:१ ला फुल फ्रेमच्या रुंदीचा सहावा भाग व्यापतो, २:१ ला तिसरा. हा फरक क्रॉप करून भरून निघत नाही. पाण्याच्या थेंबांच्या कडांना येणारी हिरवी-जांभळी झालर तिच्यात तिघींत सगळ्यात कमी. तीही आतूनच फोकस होते, म्हणजे डिफ्यूझरची कटकट नाही. ईएफ माउंटमध्ये (कॅननच्या आरशाच्या कॅमेऱ्यांची जोडणी) ॲपर्चर, म्हणजे छिद्र, कॅमेऱ्यातूनच चालतं. मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या, कॅमेऱ्यांसाठीच्या माउंटमध्ये ते हातानं फिरवावं लागतं, म्हणजे एफ/११ ला ठेवून झाडाखाली इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दाणेदार चित्र बघत फोकस घ्यायचा.

अडचण मॅग्निफिकेशनचीच. १:१ ला साधारण दोन स्टॉप उजेड जातो, २:१ ला तीनहून थोडा जास्त. तो भरून काढायला फ्लॅशची पॉवर वाढवली की ठिणगी लांबते आणि हाताचं थरथरणं फोटोत दिसायला लागतं. वर बॅटरी भरायला वेळ. फोकसची जाडी एफ/११ ला अर्धा मिलिमीटर, आणि प्रत्यक्ष परिणाम एफ/३३ सारखा, म्हणजे डिफ्रॅक्शननं चित्र मऊ. एफ/५.६ ला शार्प येईल, पण मग स्टॅकिंग (फोकस थोडा थोडा सरकवून काढलेले फोटो एकत्र जोडणं) आलं, आणि वाऱ्यावर हलणाऱ्या पानावर हातात कॅमेरा धरून स्टॅकिंग हा वेगळाच छंद आहे. अंतरही २:१ ला आठ सेंटिमीटरच्या आत. तुमचा नव्वद टक्के वेळ दहा मिलिमीटरपेक्षा लहान किड्यांमागे जात असेल तर लाओवाच घ्या, मी वाद घालणार नाही. बाकीच्यांनी कॅननवर रेनॉक्सचं डीसीआर-२५०, हे लेन्सपुढे चिमटीनं बसणारं भिंग, लावून बघावं. ते ८ डायॉप्टरचं आहे. लेन्स अनंतावर ठेवली तरी ०.८ पट आणि साडेबारा सेंटिमीटर अंतर मिळतं, आणि फोकस जवळ आणत गेलं की १:१ च्या बरंच पुढे जाता येतं. त्याची चिमटी ५२ ते ६७ मिलिमीटरच्या आट्यांवर बसते, कॅननची ६७ म्हणजे अगदी काठावर. दोन्ही बाजूंचे खटके नीट बसलेत का ते बोटानं चाचपा, एकच बसला तर ते चिखलात जातं.

मुंबईच्या हवेचा मुद्दा उरतो. नळी आत-बाहेर होणारी लेन्स पंपासारखी हवा ओढते, आणि जुलैतली ती हवा म्हणजे वाफच. काचेच्या आत बुरशी धरायला तेवढं पुरतं. कॅननला धूळ-ओलाव्यापासून बचावाची सीलं आहेत, अर्थात ती पुढे फिल्टर लावला तरच पूर्ण समजावीत, आणि पावसात भिजवायचा तो परवाना नव्हे. कुठलीही लेन्स घ्या, घरी आल्यावर ती बॅगेत ठेवू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल, आत दोनतीनशे रुपयांचा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये. निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परतून घ्यायचं, आणि तो तवा पुन्हा पोळ्यांना वापरायचा नाही.

फोर्टात, बोरा बाजारच्या बाजूला सेकंडहँड घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च मागून लावून पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, किंमत कितीही पाडली तरी सोडा. धुळीचे चार कण चालतात. टॅमरॉन तोंड खाली करून अर्धा मिनिट धरा, नळी आपोआप सरकते का बघा. कॅनन कॅमेऱ्यावर नसताना हलवली की आत काहीतरी खुळखुळतं. तो आयएसचा भाग, दोष नव्हे, घासाघीस करायला वापरू नका. कॅमेऱ्यावर लावून शटर अर्धं दाबल्यावर मात्र चित्र उड्या मारत राहिलं तर दुकानातून बाहेर पडा. सोबत मिलिमीटरची पट्टी ठेवा. १:१ ला फुल फ्रेमवर ३६ मिलिमीटर बरोबर दिसले पाहिजेत, लहान सेन्सरच्या एपीएस-सी कॅननवर २२ च्या थोडे वर.

टॅमरॉनचीच २०१६ ची एफ०१७ चांगल्या अवस्थेत मिळाली तर माझ्या तक्रारीतला बराच भाग गळून पडतो. तिची नळी बाहेर येत नाही, अंतर चौदा सेंटिमीटरच्या जवळ आहे आणि स्थिरीकरणही आहे. मग मी ती का घेतली नाही? पुढेमागे कॅननचा आर-सिरीजचा (मिररलेस) कॅमेरा घेतला की ईएफची कॅनन अडॅप्टरवर निमूट चालते. दुसऱ्या कंपनीच्या लेन्सचं फर्मवेअर आधी तपासून घ्यावं लागतं, आणि मला ते तपासत बसायचं नव्हतं. आरएफ माउंटची नवी १०० (२०२१) १.४ पट जाते, पण ७३० ग्रॅम भरते आणि तिच्यात बोके, म्हणजे मागचा धूसरपणा, बदलायची एक जास्तीची रिंग आहे. जंगलात ती चुकून फिरली तर चित्र मऊ येतं आणि कारण लवकर कळत नाही. रिंगच्या शेजारी लॉक आहे. तो लावून ठेवा.