मूकपटांतले काऊबॉय: अँडरसन, हार्ट की मिक्स?

मूकपटांच्या काळातल्या या तीन काऊबॉय-नटांपैकी कुणाचा चित्रपट आधी पाहावा? एकच संध्याकाळ हाताशी असेल तर विल्यम एस. हार्टचा ‘हेल्स हिंजेस’ (१९१६) लावा. बरोबर लहान मुलं बसणार असतील तर टॉम मिक्स. गिल्बर्ट अँडरसन गोडी लागल्यावर.

बरेच जण ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’पासून (१९०३) सुरुवात करतात, कारण तो जेमतेम बारा मिनिटांचा. पण त्यात नायक असा कुणी नाहीच. अँडरसन तीन किरकोळ भूमिकांत आहे. रांगेतून पळू पाहणारा आणि मागून गोळी लागून पडणारा प्रवासी तोच. कॅमेऱ्यावर पिस्तूल झाडणारा मात्र जस्टस बार्न्स. इथे हमखास गल्लत होते. अँडरसनचा खरा नायक ‘ब्रॉन्को बिली’ पुढे एसॅने या चित्रपट कंपनीत घडला (भागीदार स्पूरचा एस, अँडरसनचा ए, स्थापना १९०७). एकेका रिळाचे हे पट सुटे पाहिले तर गोड, लागोपाठ पाहिले तर सगळे सारखेच वाटतात.

हार्ट रंगभूमीवरून आला, तोही पन्नाशीला टेकल्यावर. मळके कपडे, दगडी चेहरा, हालचाल कमी. ‘हेल्स हिंजेस’मध्ये तो गावगुंड आहे, पाद्र्याच्या बहिणीपायी बदलतो आणि चर्च जळाल्यावर दारूचा गुत्ता पेटवून देतो. धुराच्या लोटांपुढे दोन्ही हातांत पिस्तुलं घेतलेला हार्ट आजही अंगावर येतो. उपदेश जरा जास्त आहे, आणि खलनायकाची ओळख करून देणाऱ्या, पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाटीत मेक्सिकनांबद्दलचा द्वेष उघड दिसतो.

मिक्सकडे असलं ओझं नाही. झकपक पोशाख, टोनी घोडा, सतत धावपळ. ‘द ग्रेट के अँड ए ट्रेन रॉबरी’त (१९२६) तो तारेवरून घसरत थेट घोड्यावर उतरतो. मात्र त्याचे फॉक्स कंपनीचे बरेच पट हरवलेत. १९३७च्या गोदामाच्या आगीत कंपनीच्या नायट्रेट (चटकन पेट घेणाऱ्या) फिल्मा जळाल्या. त्यामुळे निवडीला वाव थोडा.

प्रत निवडताना ती किती मिनिटांची आहे ते बघा. हजार फुटांचं रीळ सेकंदाला १६ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) वेगाने साधारण साडेसोळा मिनिटं चालतं, २४ने अकराच. माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर दोष नटांचा नाही, वेगाचा. रात्रीचे प्रसंग तेव्हा बहुधा उन्हातच चित्रित करून फिल्म निळी रंगवत. रंग नसलेल्या प्रतीत भरदुपारी कंदील घेऊन फिरणारी माणसं दिसतात.