लाल दिवा पाहिलाच नाही

पार्सलमधून जुना लूपर आला, म्हणजे वाजवलेलं रेकॉर्ड करून फिरवून ऐकवणारं पायाचं पेडल. त्या संध्याकाळी त्याला अडॅप्टर लावला, मँडोलिनची केबल जोडली, अँप सुरू केला आणि पायानं बटण दाबलं. तारेला अजून हातही लावला नव्हता, तरी मँडोलिन वाजायला लागलं. आधी नुसता ठेका, मग त्यावर खालच्या तारांची साथ, मग वरच्या तारांवर नाजूक ट्रेमोलो, म्हणजे एकाच सुरावर भरभर छेडणं. तिसऱ्या फेरीत एक सूर किंचित घसरला आणि माझ्या पोटात गोळा आला. हाच घसरलेला सूर मी चार दिवसांपूर्वी व्हिडिओ कॉलवर ऐकला होता. तेव्हा मनात म्हटलंही होतं, चला, माणूस आपल्यासारखाच आहे, चुकतो!

मी एकटीच वाजवते. मँडोलिनची एक खोड आहे: सूर लगेच विरतो. चाल वाजवायला घेतली की मागची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, गायब, कॉर्ड धरली की चाल थांबते. गिटारवाला सोबतीला असेल तर प्रश्न नाही, पण तो आठवड्यातून एकदाही मोकळा नसतो. म्हणून लूपर घ्यायचं ठरवलं. एकदा बटण दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, दुसऱ्यांदा दाबलं की तेवढा तुकडा फिरून फिरून वाजत राहतो, तिसऱ्यांदा दाबलं की त्यावर आणखी एक थर चढवता येतो. वाद्य एक, वाजवणारी एक, आणि साथीला आपणच.

नवा लूपर खिशाला जड होता, म्हणून एका साइटवर जुन्याच्या जाहिराती बघत बसले. एका नामांकित कंपनीचा दोन बटणांचा लूपर नव्याच्या निम्म्या किमतीत दिसला. विकणाऱ्याचा पहिलाच मेसेज होता, "ताई, वस्तू घरातल्या घरात वापरलीय, स्टेजवर एकदाही नेली नाही." त्यानं तीन तासांच्या रेकॉर्डिंगचं फार कौतुक केलं आणि मी भुलले. आता हिशेब करते. मिनिटाला १२० मात्रांची लय, चार-चार मात्रांचे सोळा खंड, म्हणजे ६४ मात्रा, म्हणजे ३२ सेकंद. माझं आख्खं गाणं एवढ्यात एकदा फिरून येतं. बॉस कंपनीच्या आरसी-१ लूपरमध्ये १२ मिनिटं मिळतात, टीसी इलेक्ट्रॉनिकच्या डिट्टोमध्ये ५, आणि ती ५ सुद्धा मला कधी भरता येणार नाहीत. तीन तासांचं मी काय लोणचं घालणार होते?

विचारायला हवं होतं ते वेगळंच. थांबवण्याचं बटण स्वतंत्र आहे का? एका बटणाच्या लूपरला थांबवायचं तर लागोपाठ दोनदा दाबावं लागतं आणि उभं राहून वाजवताना तोल जातो. सुदैवानं याला दोन बटणं होती. आणि इनपुट कसं आहे? माझ्या मँडोलिनच्या घोडीखाली पिझो पिकअप आहे, म्हणजे तारांच्या कंपनांचा विजेचा सिग्नल करणारी पट्टी. त्याला खूप जास्त इम्पीडन्सचं, म्हणजे सिग्नलला जास्त विरोध करणारं इनपुट लागतं, निदान १ मेगाओहम. त्याहून बरंच कमी असेल तर खालचे सूर झडतात आणि आवाज डबा वाजवल्यासारखा येतो. हे तेव्हा मला अर्धवटच माहीत होतं, आणि ते अर्धवट ज्ञान पुढे चांगलंच महागात पडलं.

मी म्हटलं, एकदा मँडोलिनवर वाजवून दाखवा. तो लगेच तयार. रात्री कॉल केला तर समोर मँडोलिन मांडीवर घेऊन बसलेला, कॅमेरा थोडा वरून, पेडल चपलेच्या टोकाखाली. हात आणि आवाज यांच्यात थोडं अंतर पडत होतं. मी ते नेटवर्कवर ढकललं. तो ठेका "रेकॉर्ड" करत होता, थर चढवत होता, मान डोलावत होता. शेवटी म्हणाला, "मधल्या साइटला कमिशन कशाला द्यायचं ताई, पैसे थेट पाठवा. मी आज रात्रीच पॅक करतो." मीही विचार केला, तेवढेच वाचले. त्या साइटवर वस्तू हातात पडेपर्यंत पैसे अडकवून ठेवायची सोय होती, तीच मी आपल्या हातानं सोडून दिली. पार्सल मात्र खरंच वेळेवर आलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

आता ती संध्याकाळ. लूपरमध्ये रेकॉर्डिंग साठवायचे कप्पे असतात. पहिल्या कप्प्यातलं ते वादन थांबवलं, रिकामा कप्पा निवडला, बटण दाबलं. दिवा लाल झाला. ठेका वाजवला, पुन्हा दाबलं, दिवा हिरवा. आवाज शून्य. लूप चालू नसतानाही माझं वाद्य लूपरमधून जसं आरपार ऐकू यायला हवं, तेही येत नव्हतं. केबल बदलली. मँडोलिन थेट अँपला जोडलं, तर खणखणीत वाजलं.

त्याला कळवलं. पहिलं उत्तर, अडॅप्टर बदलून बघा. दुसरं, केबलच गेली असेल. तिसरं उत्तर मात्र हुशारीचं होतं: "ताई, मँडोलिनच्या पिकअपचा सिग्नल फार कमी असतो, मधे सिग्नल वाढवणारा प्रीअँप लागतोच. मी लावूनच वाजवला होता, सांगायचं राहिलं." पिझोला प्रीअँप चांगला, हे मी ऐकलं होतंच. म्हणून मी प्रीअँप घेतला. तो घरी यायला नऊ दिवस लागले आणि जोडल्यावर लूपर पूर्वीइतकाच मुका. मग डोक्यात प्रकाश पडला की इनपुट जुळलं नाही तर सूर पातळ होतो, नाहीसा होत नाही. नऊ दिवसांत त्या माणसाचा प्रोफाइल नाहीसा झाला होता.

पेडलला यूएसबीचं तोंड होतं. संगणकाला जोडलं, आतल्या फाइली उघडल्या. पहिल्या कप्प्यात एकच फाइल: ३ मिनिटं ४० सेकंदांची, तारीख आमच्या कॉलच्या आदल्या रात्रीची. त्यात ठेका, थर, ट्रेमोलो, घसरलेला सूर, सगळं एका दमात. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रावर आख्खं वादन आधी रेकॉर्ड करून त्यानं ते यूएसबीनं पेडलमध्ये भरलं होतं. कॉलवर एकदा बटण दाबलं आणि पुढची साडेतीन मिनिटं नुसते हात हलवले. माझ्या आवडीचा लूपर निवडायला मी जी खातरजमा मागितली, तीच त्यानं मला ध्वनिमुद्रित करून दिली. राग आला, पण खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं. लूपरचं कामच ते, पूर्वी वाजलेलं आता वाजतंय असं भासवणं.

आमच्या ओळखीचे एक काका अँप दुरुस्त करतात. त्यांनी तळाची पट्टी काढायच्या आधीच सांगितलं, "अगं, हा उघडलेला आहे. स्क्रूची डोकी बघ, घासलेली." आत इनपुटचा जॅक सर्किट बोर्डवरून उखडून पुन्हा चिकटवलेला होता. कुणाचा तरी पाय केबलमध्ये अडकून जोरात हिसका बसला असणार. बोर्डवरची तांब्याची रेघ तिथं निघून आली होती. काकांनी बारीक वायर टाकून बघितली, पण पुढची आयसी, म्हणजे चिपही गेलेली. आउटपुटची बाजू शाबूत, म्हणून भरलेली फाइल झकास वाजत होती.

मग मी कॉल आठवून बघितला. बहुतेक लूपरांत रेकॉर्ड होताना दिवा लाल असतो आणि वाजताना हिरवा. त्या कॉलमध्ये मला दिवा एकदाही दिसला नव्हता, चपलेचं टोक त्यावर होतं. चार थर चढवायचे तर पाय निदान सात-आठ वेळा हलायला हवा. तो एकदाच हलला होता. मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत होते! मँडोलिन वाजवणाऱ्यांची नजर कायम तिथंच जाते, पिक कसा धरलाय, मनगट सैल आहे का. लूपर बघायचा तर पायाकडे बघायला हवं.

पुढच्या वेळी, हो, पुन्हा जुनाच घेतला, कारण नव्याचे पैसे प्रीअँपमध्ये गेले होते. या वेळी विकणाऱ्याला म्हटलं, फोन पेडलजवळ असा धरा की दिवा आणि पाय दोन्ही दिसतील. सगळे कप्पे पुसा. आता वाद्याच्या पोटावर मी सांगते तशी बोटं आपटा: तीन, मग एक, मग दोन. पिकअपला ती टकटक छान ऐकू येते आणि कुणाला आधी रेकॉर्ड करून ठेवता येत नाही, कारण आकडे मी ऐन वेळी सांगते. लाल दिवा, टकटक, हिरवा दिवा, तीच टकटक. मग त्यावर दुसरा थर. मग अडॅप्टर काढून परत लावा, बघू लूप शिल्लक राहतो का. काही लूपरांत वीज गेली तरी राहतो, काहींत पुसला जातो; विकणाऱ्यानं जाहिरातीत जे लिहिलंय त्याच्याशी ते जुळलं पाहिजे. पैसे साइटमार्फतच. तो गृहस्थ हसून म्हणाला, "ताई, एवढी उलटतपासणी करणारं पहिलंच गिऱ्हाईक बघितलं." पण केलं सगळं.

वाजवायला लागल्यावर कळलं की लूपर सांभाळणं हे वेगळं वाद्य शिकण्यासारखं आहे. बटण अचूक समेवर पडलं नाही तर आवर्तन लंगडतं, आणि मँडोलिनचा सूर लगेच विरत असल्यामुळे जोड झाकायला मागे काहीच गुंजत नसतं. सुरुवातीला ट्रेमोलो करत लूप बंद करू नका, तुकडा मधेच कापल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चॉप, म्हणजे कॉर्ड मारून डावी बोटं लगेच सैल सोडायची. मग लूपचा जोड कुठे आहे ते ओळखू येत नाही. आठही तारा, म्हणजे दोन-दोनच्या चार जोड्या, आधी नीट जुळवा, कारण बेसूर जोडी एकदा लूपमध्ये गेली की प्रत्येक फेरीला तोंड दाखवते. मँडोलिनसमोर माइक ठेवून लूप करायचा मोह मला झाला होता, पण स्पीकरमधून वाजणारा लूप माइकमध्ये शिरतो आणि पुढच्या थरात परत रेकॉर्ड होतो, चार थरांत नुसता गोंगाट. हेडफोन लावलात तर चालेल. आणि खर्ज हवा असेल तर तो बहुतेक लूपर देत नाहीत. आपली सगळ्यांत खालची तार १९६ हर्ट्झवर, एक सप्तक खाली उतरवणारं ऑक्टेव्ह पेडल लूपरच्या आधी जोडलं तर ती ९८ वर येते.

या दुसऱ्या लूपरचा एक नॉब नाही. हे त्या गृहस्थांनी जाहिरातीच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं, वर फोटोही टाकला होता. तिथं मी रबरी बूच बसवलंय, फिरतं बरं.